सेलांना दोन उन्हं

आमचे अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. पण गावात त्यांचं खरं नाव होतं ते मेलेले सेल जिवंत करण्याबद्दल. कुणाची टॉर्च मंद जळायला लागली की माणूस सेल काढून सरळ आमच्या घरी यायचा. अप्पा ते सेल हातात घ्यायचे, कानाशी धरून हलवायचे (आत काय ऐकू यायचं, देव जाणे), मग शिडी चढून माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, उन्हात मांडायचे. कुणाचे कुठले हे कळावं म्हणून प्रत्येक जोडीवर खडूची खूण. कुणाची फुली, कुणाचा त्रिशूळ, समोरच्या काकूंचा गोल.

"गुरुजींचा दवाखाना," आई म्हणायची. "वर पेशंट झोपलेत, हळू बोला गं."

अप्पांचा एक नियम होता. सेलाला दोन उन्हं लागली पाहिजेत. "एका उन्हानं सेल नुसता कोमट होतोय, दुसऱ्या उन्हानं मुरतोय." म्हणून सेल रात्रभर वरच राहायचे, दव पडू नये म्हणून वर घमेलं पालथं घातलेलं. कुणी घाई केली तर अप्पा वर्गातल्या पोराला दटावावं तसं दटावायचे, आणि माणसं निमूट परत जायची. गुरुजीच ते. त्यांना नाही कळणार तर कुणाला?

मी पुढं फिजिक्स शिकवायला लागले. उन्हातून सेलात कणभरही काही येत नाही, उष्णतेनं आत उरलंसुरलं तेवढं थोडा वेळ जोरात वाहतं, हे मी आजवर हजारो पोरांना सांगितलं असेल. अप्पांना मात्र कधी सांगितलं नाही. उन्हात ठेवल्यावर टॉर्च तासभर तरी बरी जळायची, आणि गावाला तेवढंच लागायचं.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि आईनं हट्ट धरून मला लातूरला टाकलं. तेव्हा लातूरचं वारं नुकतंच लागायला लागलं होतं. पोर लातूरला गेली म्हणजे डॉक्टर झालीच असं लोक बोलायचे. एका खोलीत आम्ही तिघी मुली राहायचो. आई रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची. कंडक्टर ओळखीचा होता. मी स्टँडवर जाऊन डबा घ्यायची आणि कालचा रिकामा परत द्यायची. धपाटे, शेंगाचटणी, कधी उसळ. मैत्रिणी टपूनच असायच्या.

गणपती बुडवले त्याच रात्री, पहाट व्हायच्या आत, जमीन हलली. लातुरातही आम्ही ओरडत रस्त्यावर आलो, पण आमची खोली उभी राहिली. घाबरून झालं, रडून झालं, हसूनही झालं. सकाळी सवयीनं मी रिकामा डबा घेऊन स्टँडवर गेले. आमच्याकडची गाडी आली नाही. मी उभी राहिले. दुसरी गाडीही आली नाही. मग एक माणूस कुणाला तरी सांगत होता ते कानावर पडलं, आणि त्यानं आमच्या गावाचं नाव घेतलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अप्पा बाहेर ओट्यावर झोपले होते म्हणून वाचले. आई आत होती. माळवदाची सगळी माती, सगळे दगड तिच्यावर. अंधार असा की स्वतःचा हात दिसत नव्हता. कंदील, काडेपेटी सगळं मातीखाली. अप्पा हाक मारायचे आणि आई ओ द्यायची. अप्पा दगड उचलायचे, परत हाक मारायचे, आई परत ओ द्यायची. उजाडायच्या जरा आधी ओ येणं थांबलं. उजाडल्यावर अप्पांना दिसलं की आपण इतका वेळ धान्याच्या खोलीचे दगड उपसत होतो. आई पलीकडच्या अंगाला होती.

अप्पांच्या उशाला टॉर्च होती. पण तिच्यात सेल नव्हते. ते वर होते, घमेल्याखाली.

मी पोचले तेव्हा अप्पा ती रिकामी टॉर्च हातात धरून बसले होते, आणि तिचं बटण दाबत होते, सोडत होते. मी टॉर्च काढून घ्यायला गेले तर त्यांनी दिली नाही. माझ्या आयुष्यात मला त्यांचा एवढा राग कधी आला नाही आणि एवढी माया पण कधी आली नाही.

पत्र्याच्या शेडमधले दिवस सांगत नाही. त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. मग नवं गाव झालं. रुंद रस्ते, सरळ रेषेत घरं, प्रत्येक घर दुसऱ्याशी भांडल्यासारखं लांब. घरं वाटताना गल्ल्या मोडल्या, शेजारी चहूकडं पांगले. आमची गल्ली तेवढी एका ओळीत राहिली ती समोरच्या काकूंमुळं. काकूंचा नवरा त्या पहाटे गेला होता, पदरात एक लेक. पण ती बाई अधिकाऱ्यासमोर फतकल मारून बसली. "आमी मेलाव बी एका गल्लीत, ऱ्हानार बी एका गल्लीत," असं म्हणाली. साहेबानं हात जोडले.

भूकंपानंतर अप्पांची झोप त्या वेळेला मोडायची ती मोडायचीच. घड्याळ बघायची गरज नव्हती. उठून ओट्यावर यायचे, गल्लीकडं तोंड करून बसायचे, झुंजुमुंजू झालं की आत. आणि लाईट नेमकी त्याच वेळेला गेलेली असायची. भारनियमन! रात्री लोक जागे असताना असायची आणि पहाटे जायची. अंधारात बसलेले अप्पा मला बघवत नसत. सुट्टीला आले की मी पण उठून शेजारी बसायची. कुठं पान वाजलं तरी त्यांची मान तिकडं.

मग एका सरकारी योजनेतून गल्लीच्या कोपऱ्यावर सौर दिवा आला. खांब, वर पॅनेल, खाली लोखंडी पेटीत बॅटरी. दिवसाचं ऊन पेटीत साठायचं आणि दिवा उजाडेपर्यंत जळायचा. काय सांगू, पंधरा दिवसांत अप्पांचा चेहरा फिरला! उठायचे त्याच वेळेला, पण ओट्यावर येऊन गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे, सगळी दारं दिसली की आत जाऊन पडायचे. कधी कधी घोरायचे सुद्धा. मी तेव्हा लग्न होऊन नांदेडला गेले होते, क्लासमध्ये शिकवायला लागले होते. मनात म्हटलं, चला, सुटले एकदाचे.

काही वर्षं बरी गेली. मग बॅटरी थकली. आधी मध्यरात्रीपर्यंत जळायचा दिवा, मग जेवणवेळेपर्यंत, मग दिवेलागणीला लागून लगेच विझायचा. वरचं पॅनेल ठणठणीत. ऊन भरपूर. साठवायचं भांडंच फुटकं.

मी सुट्टीला आले तर ओट्यावर काय दृश्य! पेटीतली ती जड बॅटरी अप्पांनी कुणाकडून तरी उचलून आणवली होती आणि भर उन्हात मांडली होती. वर तोऱ्यात सांगतात, "उद्या दुसरं ऊन."

"अप्पा!" मी किंचाळलेच. "अवो, ही ॲसिडची बॅटरी हाय, सेल न्हाई! उन्हानं मरंल ती!"

"साठवायचंच काम की दोघांचं," ते म्हणाले, पण आवाज पडला होता.

बॅटरी फुगून बसली होती. थोडाफार जीव होता तोही गेला. मी रागानं लई बोलले त्या दिवशी. जेवायला वाढलं तरी ताटाकडं बघेनात. लहान मुलासारखे रुसले, आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून सरकारी कचेरीत निघाले.

तिथून पुढं कचेऱ्यांचं जे सुरू झालं ते काही वर्षं चाललं. अप्पांनी बॅटरी मागितली. चार-सहा महिन्यांनी माणसं आली आणि खांबावर आधीपेक्षा मोठं पॅनेल बसवून गेली. अप्पा परत गेले. तिथला साहेब चांगला होता, चहा पाजायचा. म्हणाला, "गुरुजी, पॅनेल योजनेत बसतंय. बॅटरी बदलणं म्हणजे देखभाल, आणि देखभाल ग्रामपंचायतीकडं." ग्रामपंचायतीकडं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! परत अर्ज. त्या वर्षी शाळेच्या छतावर पॅनेलं आली, बॅटरीशिवाय. म्हणजे सूर्य डोक्यावर असेल तोवर शाळेत दिवे लागणार. गावानं लई चेष्टा केली. "गुरुजी, अजून एक अर्ज करा, आता गोठ्यावर बी बसवतील!"

मला मात्र हसू येत नव्हतं. नांदेडला आमच्या क्लासच्या जिन्याखाली बॅटऱ्यांची रांग होती. लाईट गेली तर पंख्याचं पातं सुद्धा थबकायचं नाही, पोरांना कळायचंही नाही. फी भरलेल्या पोरांसाठी उजेड साठवलेला होता. ज्याच्या खिशात दम त्याची रात्र उजेडाची, असा सरळ हिशोब होता आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मी अप्पांना म्हटलं, मी घरात इन्व्हर्टर बसवून देते. नको. बरं, मग गल्लीच्या दिव्याला बॅटरी घेऊन देते. तेही नको.

"तू एक बार देशील. ती मेली म्हंजे? तवर मी असन का? आन् बाकीच्या गल्ल्यांनी काय करावं? गाव सरकारनं बांधलं, ऊन साठवायची सोय बी सरकारनंच लावून द्यावी, कायमची." मग म्हणाले, "समदा उजेड माझ्या घरात आन् गल्लीत अंधार, हे परत नगं."

परत? मला तो शब्द खटकला. पण गाडीची वेळ झाली होती, आणि म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक शब्दाला कुठं थांबणार, असं मला वाटलं.

त्यानंतर एकदा लातूरला सभा होती. सरकार ऊर्जा साठवणुकीचं धोरण करतंय, लोकांनी सूचना द्याव्यात म्हणून. पेपरात वाचून मीच अप्पांना सांगितलं. मी नांदेडहून निघाले, वाटेत लोह्याला गाडी थांबली तेव्हा फोन करून विचारलं, निघालात का? ते आधीच लातूरला पोचून हॉलच्या पायरीवर बसले होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. दोन-चार गावकरी सोबतीला, त्यात काकूंचा लेक.

आत पडद्यावर आलेख चालले होते. सौर वीज दुपारी उतू जाते, मागणी संध्याकाळी वाढते, म्हणून मोठ्या बॅटऱ्यांना सरकारनं मदत द्यावी का, द्यावी तर कशी. कंपन्यांची माणसं बोलली, दाल मिलवाले बोलले. मी अप्पांच्या कानात एकेक सांगत होते. ते एकच विचारायचे, "पहाटेपर्यंत पुरंल का?"

मग त्यांना माईक मिळाला.

"साहेब, ऊन मागायला आलो न्हाई. ऊन आमच्याकडं लई हाय. पावसाचं पानी धरायला तुमी तळं बांधता. तळ्यात गाळ साठला तर गाळ काढायला बी पैसा देता. मग उन्हाच्या तळ्याला का न्हाई? पॅनेल देता, आन् बॅटरी मेली की म्हन्ता गावानं बघावं. बॅटरी मरनारच हाय, साहेब. मानूस बी मरतंय. ती मरनार हे धरूनच योजना लिवावी."

टाळ्या पडल्या. मला वाटलं झालं, बसतील. अप्पा बसले नाहीत. माईक घट्ट धरलेला.

"भूकंपाच्या राती आमच्या गल्लीतले समदे सेल माझ्या माळवदावर हुते. एकाच्या बी टॉर्चमधी सेल नव्हता. समोरची बाई सांजच्याला मागायला आल्ती. म्हन्ली, गुरुजी, गनपतीची रात हाय, माझे सेल द्या. मी दिले न्हाईत. म्हन्लं, अजून एक ऊन लागू द्या."

समोरचा अधिकारी तरुण होता. वाईट नव्हता. "आजोबा, जरा मुद्द्यावर या," म्हणाला.

"हाच मुद्दा हाय," अप्पा म्हणाले, आणि बसले.

मी इतकी वर्षं समजत होते की अप्पा आईसाठी जागे राहतात. रिकामी टॉर्च मी पाहिली होती, माळवदावरचे सेल मला ठाऊक होते, पण ते सगळ्या गल्लीचे होते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तो माणूस एका बाईसाठी नाही, अख्ख्या ओळीसाठी उठून बसत होता. आणि गल्लीनं इतक्या वर्षांत एका शब्दानं बोल लावला नव्हता. कुणी शिव्या घातल्या असत्या तर कदाचित सोपं गेलं असतं. फक्त एक झालं होतं, तेही मला तेव्हाच उमगलं: भूकंपानंतर कुणीही कधी सेल घेऊन आमच्या दारात आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढूनही घेतला नाही आणि दाबलाही नाही.

अप्पांच्या बोलण्यानं धोरण बदललं असं म्हणणं म्हणजे थापा मारणं होईल. अशा सभा ठिकठिकाणी झाल्या असतील, असे अप्पाही ठिकठिकाणी उठले असतील. पण मधे बरेच दिवस गेले आणि नवी योजना आली. तीत गावच्या सौर दिव्यांच्या बॅटऱ्या बदलून द्यायची सोय होती, आणि पुढं बिघडल्या तर ज्यानं बसवल्या त्यानंच बघायचं असंही होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीत नवी बॅटरी बसली. अप्पांचा फोन आला, "ये." एवढंच.

मी गेले. दिवेलागणीला दिवा लागला. पांढरा, स्वच्छ, पार शेवटच्या घरापर्यंत. आणि त्या उजेडात मला एकेक दार दिसलं, आणि प्रत्येक दाराला कुलूप.

सगळे लातूरला होते. कुणाची नात बारावीला, कुणाचा नातू डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा. आया पोरांसोबत भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करून राहिलेल्या, बाप आठवड्याला एकदा पीठ-डाळ पोचवणारे. घरची शेती वाट्यानं. मी ज्या धंद्यावर पोट भरते त्याच धंद्यानं आमची गल्ली उचलून नेली होती. काकूंचा लेक पण पोरांपायी तिकडंच होता. ओळीत उरले दोघेच, अप्पा आणि समोर काकू.

"वरातीमागून घोडं," अप्पा म्हणाले, आणि हसले. ते हसणं मला सोसलं नाही. मी भाकरीचं निमित्त करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू रस्ता ओलांडून आल्या. आता पार वाकल्यात. लेकानं चार्जिंगची टॉर्च दिली होती, पण यांच्या हातात जुनीच, पितळी. ओट्यावर टेकल्या, टॉर्चचं बूड फिरवून सेल काढले आणि अप्पांच्या पुढं धरले.

"मंद जळायलेत, गुरुजी. जरा उन्हाला ठिवा."

अप्पा बघतच राहिले.

"काय बघायलाव? घ्या की. आन् चांगली दोन उन्हं लागू द्या. मला घाई न्हाई."

लेकानं सभेतलं घरी सांगितलं असणार. अप्पांनी सेल घेतले. कानाशी धरून हलवले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "खडू हाय का गं घरात?"

खडू माझ्या पर्समध्येच होता. त्यांनी दोन्ही सेलांवर गोल काढला. इतक्या वर्षांनी काकूंची खूण त्यांना विचारावी लागली नाही. आणि मग ते रडले. तोंड लपवलं नाही, डोळे पुसले नाहीत, बसल्या जागी रडत राहिले. काकू शेजारी बसून होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "च्या टाक गं बाई, गुरुजीला बिनसाखरंचा."

जिना चढणं अप्पांना जमत नव्हतं, म्हणून सेल ओट्याच्या कठड्यावरच मांडले. सांजेला त्यांच्यावर पातेलं पालथं घातलं.

त्या पहाटे मला जाग आली. अप्पांची खाट भरलेली होती. जाऊन नाकापाशी हात धरला. श्वास चालू होता. संथ, खोल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या वेळेला झोपले होते.

मी बाहेर आले आणि त्यांच्या जागी बसले. नव्या बॅटरीचा दिवा जळत होता. गल्ली लख्ख, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी कुलपं चमकत होती. पातेल्याखाली काकूंचे सेल दुसऱ्या उन्हाची वाट बघत होते. असा उजेड त्या रात्री घटकाभर जरी असता, तर अप्पांना धान्याची खोली कुठली आणि आई कुठं हे दिसलं असतं. मला आई पाहिजे होती. पन्नाशीच्या घरातल्या बाईला असं वाटू नये म्हणतात. वाटतं.

मी अगदी हळू हाक मारली. "आई, उजेड हाय बघ आता."

आणि कान देऊन बसले. कुणी ओ दिली नाही.